अकरा महिन्यांपुढचं तिकीट

तो दार ढकलून आत आला आणि वाऱ्याने माझ्या टेबलावरचे कागद जमिनीवर गेले. त्याने ते गोळा केले, नीट क्रमाने लावले आणि मगच बसला.

"सात तासांचाच प्रवास ना?" त्याने विचारलं. "सकाळी दहाला निघून संध्याकाळी पाचला पोचतो."

"चौदा तासांचा," मी म्हटलं. "तिथली वेळ आपल्यापेक्षा सात तास मागे आहे. दोन घड्याळांची अशी वजाबाकी करायची नसते. काय करता आपण?"

तो कानापर्यंत लाल झाला. "घड्याळं दुरुस्त करतो."

गिऱ्हाइकाला हसायचं नाही, हा काकांचा नियम. ऑफिस काकांचं, विमानाची तिकिटं काढणारी मी. पण त्या दिवशी नियम मोडला.

दूरच्या त्या शहरातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं. ते चालू करायला त्याला बोलावलं होतं, दोन वर्षांसाठी. मग तो दर मंगळवारी काही ना काही विचारायला येऊ लागला. अंतर किती? बारा हजार किलोमीटर. परतीलाही चौदाच तास?

"येताना वारा पाठीशी असतो. पाऊण तास वाचतो."

"मग येणंच बरं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघतच राहिला.

मी सोमवारी केस धुवायला लागले. काकांनी एकदा विचारलंच, "हा तिकीट काढणार आहे, की नुसताच अभ्यास चाललाय?"

सातव्या मंगळवारी त्याने पासपोर्ट पुढे ठेवला. "परतीचंही काढा. दोन वर्षांनंतरचं."

"निघत नाही," मी म्हटलं. "अकरा महिन्यांपुढचं तिकीट कुणीच विकत नाही."

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगायला जीभ रेटली नव्हती.

"म्हणजे परत येण्याचं काहीच हातात नाही..." तो पासपोर्टची कड बोटाने घासत राहिला. "तुम्ही थांब म्हणालात, तर... नाही जात मी."

थांब म्हणायचंच होतं मला. बारा हजार हा आकडा मी रोज दहा जणांना सांगायचे, तो इतका लांब आहे हे आज कळत होतं. पण त्या बंद घड्याळाबद्दल बोलताना त्याचे हात कसे हवेत चाकं फिरवायचे, ते मी सहा मंगळवार पाहिलं होतं.

"जा," मी म्हटलं. "तुमची आठवण येईल. रोज येईल. तरी जा."

त्याचं तिकीट काढलं. मग त्याच मार्गाचं दुसरं काढायला घेतलं, बरोबर अकरा महिन्यांनंतरचं.

"हे कुणाचं?"

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्यावर माझं नाव होतं. अर्ध्या जगाला विमानात बसवणारी मी, स्वतः कधी बसले नव्हते.

त्याने ते नाव दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"वन-वेच काढताय?" त्याने हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं. "परतीची दोन तिकिटं लागतील. ती तिथे बसून एकत्र काढू."