हिरव्या बिस्किटांचं एकुलतं गिऱ्हाईक

"अहो, एक मिनिट! हेच का घेतलंत?"

आम्रपाली इतक्या आनंदानं उठली की तिचं स्टूलच कलंडलं. बिबवेवाडीतल्या सुदर्शनशेठच्या दुकानात, बिस्किटांच्या मांडणीशेजारी, ती रोज संध्याकाळी ठाण मांडून बसायची. समोरचा तरुण दचकला. त्याच्या हातात हिरवा पुडा होता, थेट जपानहून आलेल्या हिरव्या चहाच्या बिस्किटांचा. त्या पुड्याला हात लावणारा हा पहिलाच माणूस!

"घेऊ... नको का?"

"घ्या हो, घ्याच! फक्त का, ते सांगा."

त्याचे कान लाल झाले. "वेगळं काहीतरी... खाऊन बघावं म्हटलं."

आता एवढा आनंद कशाचा, ते सांगायला हवं. धायरीची ही मुलगी पीएचडी करत होती. आशियातल्या कंपन्या परक्या देशांत आपला माल कसा खपवतात आणि तिथली माणसं तो का घेतात, हा तिचा विषय. तिच्या गाईड सरोजिनी मॅडम म्हणजे तिखट बाई. "माणसं बोलतात शहाण्यासारखं आणि वागतात वेड्यासारखं. वागणं बघ," असं म्हणून त्यांनी तिला दुकानात बसवलं होतं. हिरवा पुडा घेणाऱ्यालाच प्रश्न विचारायचे. आणि नियम एकच, पण कडक: संशोधनातल्या माणसाशी ओळख वाढवायची नाही. चहासुद्धा प्यायचा नाही. ओळख वाढली की माणूस आपल्याला आवडेल तेच उत्तर देतो म्हणे.

तरुणाचं नाव समाधान. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. चार दिवसांनी स्वारी पुन्हा हजर.

"परत हिरवा?"

"घरात आवडला... आईला तर फारच."

"चव कशी वाटते?"

समाधाननं पुडा उलटासुलटा करून बघितला. "हिरवी."

आम्रपालीला हसू आवरेना. गल्ल्यावरून सुदर्शनशेठ म्हणाले, "वा! उद्या म्हणतील, वांगं जांभळं लागतं."

मग तो येतच राहिला. सहा वाजले की तिचे डोळे आपोआप रस्त्याकडे जायचे. तो दिसला की उगाच ओढणी सारखी करावीशी वाटायची. हे काही बरं नाही, असं ती स्वतःला बजावायची आणि पुन्हा रस्त्याकडे बघायची.

एकदा तिची निघायची वेळ झाली आणि पावसाची सर आली.

"छत्रीत या ना... बसस्टॉपपर्यंत."

"नको. नियम आहे."

"असं?" त्यानं शांतपणे छत्री मिटली. "मग मीही भिजतो. हे तरी नियमात बसतं ना?"

दोघं हातभर अंतर ठेवून, चिंब भिजत बसस्टॉपवर गेले. त्या रात्री आम्रपालीला शिंकांनी झोप लागली नाही. निदान तिनं आईला कारण तेच सांगितलं.

इकडे मॅडम खूश होत्या. नव्या चवीला सरावणाऱ्या पुणेकरावरचा तिचा पेपर हनोईच्या परिषदेत निवडला गेला होता. आयुष्यातला पहिला परदेश! एकच काम उरलं होतं, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन ती वस्तू कशी वापरतात ते बघायचं.

"घरी?" समाधानचा चेहरा उतरला. "घरी कशाला?"

पण ती गेलीच. दार त्याच्या आईनं, कांताबाईंनी उघडलं.

"जय भीम, काकू."

"जय भीम! ये गं बाई, ये."

"काकू, ती हिरवी बिस्किटं कुठे ठेवता?"

कांताबाईंनी कपाटाचं वरचं दार उघडलं. आत हिरव्या पुड्यांची चवड. सगळे बंद.

"घेऊन जा बाई, पुण्य लागेल. एक एक खाल्लं सगळ्यांनी, पाण्याबरोबर गिळलं. तरी हा आणतोच आहे! विचारलं तर म्हणतो, असू दे."

आम्रपाली तडक गॅलरीत गेली. मागोमाग समाधान.

"खोटं बोललात तुम्ही माझ्याशी!"

"पहिल्यांदा चुकून उचलला. मारी घ्यायला आलो होतो, पण लक्ष... पुड्याकडे नव्हतं. तुम्ही इतक्या खूश झालात, मग सांगवेना. आणि नंतर... मारी घेतलं असतं, तर तुम्ही काहीच विचारलं नसतंत ना!"

"माझा अख्खा पेपर तुमच्यावर उभा आहे, समाधान!"

"मी येतो मॅडमकडे. माझी चूक सांगतो."

"काही गरज नाही."

रिक्षात ती रडली. गप्प बसलं, तर कुणाला कळणार होतं? हनोई हातात होतं. राग तर फार आला होता, पण त्या रागाच्या तळाशी गोड काहीतरी होतं. तो पुड्यांसाठी येत नव्हता, माझ्यासाठी येत होता. याचा आनंद व्हावा, याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मॅडमना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे एकुलतं एक गिऱ्हाईक," मॅडमनी चष्मा काढला, "आणि तेही बिस्किटांचं नाही. हनोई यंदा गेलं हो. काढलंस त्याला संशोधनातून?"

"काढलं."

"मग इथं काय करतेस?"

आम्रपाली पर्स उचलून पळाली.

दुकानात समाधान मांडणीपाशी उभा होता. समोर रिकामं स्टूल.

"मारी घेताय?"

तो गर्रकन वळला. "तुम्ही... रागावल्या असाल."

"आहेच. हनोई बुडवलंत माझं." ती जवळ आली. "तुम्हाला संशोधनातून काढून टाकलं मी."

त्याचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे आता... काहीच विचारणार नाही?"

"एकच. चहा घेणार? आता नियम आड येत नाही."

"चहा घ्या," सुदर्शनशेठ म्हणाले, "पण जाताना ते हिरवे पुडे न्या. तुमच्या जिवावर नवीन माल मागवलाय मी."

बाहेर भुरभुर सुरू झाली होती. समाधाननं छत्री उघडली, आणि आम्रपाली न विचारताच आत शिरली.

"पण मी तर... सगळी उत्तरं खोटी दिली होती," तो हळूच म्हणाला.

"उत्तरं खोटी होती." तिनं छत्रीच्या दांडीवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. "भिजलात, ते खरं होतं."