खळ दिलेला कोट

तासगावातल्या बेदाण्याच्या शीतगृहासमोर सिद्धाप्पा हमाल नवा कोट घालून ऐटीत उभा होता आणि त्याची थोरली बहीण मैनाबाई देव पाण्यात घालून बसली होती.

आत तापमान चार अंश. पेट्या उचलताना घाम फुटायचा आणि जरा थांबलं की तोच घाम गार पडून छातीत गारठा भरायचा. 'घाम अंगावर गार पडू देऊ नका, नाहीतर हमाली सोडा,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सिद्धाप्पाला दुसरं काम येत नव्हतं.

म्हणून तर केतकी इंगवले ही वस्त्रतंत्रज्ञ इथवर आली होती. तिच्या 'सजग धाग्या'ला घाम लागला की त्यातली सूक्ष्म छिद्रं उघडत आणि वाफ बाहेर पडे. पण ती मिटायला फार वेळ लावत, तोवर माणूस कुडकुडे. दोन कोट असे वाया गेले होते. हा तिसरा. त्याचं कापड मैनाबाईने आपल्या घोंगडीच्या मागावर विणलं होतं.

केतकीने बाही चाचपली आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, हा कडक का लागतोय?"

"खळ दिलीया की, चिंचोक्याची. खळीबिगर ताण्याचं उभं सूत मागावर चढतं व्हय?"

"अहो, सगळी छिद्रं बुजली असतील!"

चाळीस वर्षांची हाताची सवय, मैनाबाईने विचारायचेही कष्ट घेतले नव्हते. भावाचं वाटोळं आपणच केलं, असं तिला वाटलं.

"घातलाय तर जातो," सिद्धाप्पा म्हणाला आणि आत गेलासुद्धा.

तासाभराने दार उघडलं.

"आक्का, जेवायची सुट्टी झाली व्हय? मला कळलंच न्हाई!"

केतकीने त्याच्या कोटात हात घातला. पाठ कोरडी होती, उबदार होती. जागच्या जागी उडी मारायचीच काय ती तिने बाकी ठेवली.

"मावशी, घामानं खळ मऊ पडते, छिद्र उघडतं. घाम उडाला की खळ आकसते आणि छिद्राला ओढून मिटवते. दोन वर्षं मी हेच शोधत होते!"

मैनाबाई हसताहसता पदराने डोळे पुसू लागली. एवढा आनंद तिला लेकीच्या लग्नातही झाला नव्हता. केतकीने तिथल्या तिथे टॅबवर पेटंटचा अर्ज उघडला आणि 'संशोधकाचे नाव' या रकान्यात आपल्या नावापुढे मैनाबाईचं नाव लिहिलं.

"माझ्या एकलीचं नगं," मैनाबाई म्हणाली. "खळ सासूनं शिकवली, सोनाबाईनं. तिला तिच्या सासूनं, गिरजाबाईनं. गिरजाबाईला कुणी शिकवली, ते नाव मातर कुणालाच ठावं न्हाई. तिचं कसं लिवायचं, ताई?"