ती डावीकडे बसते

दुपारी अडीचला बाळ एकदाचं झोपलं आणि गॅरेजमधून नवऱ्याची हाक आली, "अगं, जरा दिवा धरतेस का?"

तिला खरं तर केस धुवायचे होते. लेक चार महिन्यांची झाली होती आणि या चार महिन्यांत केस धुणं हा तिच्यासाठी परदेशवारीसारखा बेत झाला होता, नुसता ठरायचा. पण नवऱ्याचं "जरा" म्हणजे दोन तास, हे माहीत असूनही ती गेली. नाही म्हणायलाही अंगात थोडी झोप शिल्लक असावी लागते.

स्वयंपाकघरातल्या दाराने थेट गॅरेजमध्ये उतरता यायचं. तिथे ती गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलेली होती. दोनच सीटची, बुटकी, लांब नाकाची, कापडी टपाची. वयाने नवरा-बायको दोघांपेक्षा मोठी. नवऱ्याचं कॉलेजपासूनचं वेड. महिन्यापूर्वी घरी आणली तेव्हा तिने विचारलं होतं, "यात बाळ कुठे बसणार?" तर म्हणाला, "तुझ्या मांडीवर, डावीकडे." विकणारी बाई थकलेली होती, स्वेटर उलटा घातलेला. किल्ली देताना ती एवढंच म्हणाली, "ती डावीकडे बसते. सवय करून घ्या."

नवऱ्याने जाणत्यासारखी मान डोलावली होती. जुन्या गाडीची स्प्रिंग बसतेच आणि त्या बाजूला गाडी कलते, हे पोरंसोरंही सांगतात. मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि तेच सांगितलं. "डावी बाजू बसलीय, साहेब. स्प्रिंगा, शॉकअप, बुश, खालचं सगळं नवं टाकू. कंपनीचं मिळणार नाही, कंपनीच राहिली नाही. बाहेरचं बसवावं लागेल."

'बाहेरचं' या शब्दावरून घरात एक विनोद होऊन गेला होता. बाळ अंग धरत नाही म्हटल्यावर सासूबाई फोनवर हळूच म्हणाल्या, "बाहेरचं तर काही नाही ना गं?" तर नवरा मागून ओरडला, "आई, बाहेरचं अजून आलंच नाही, पार्सल अडकलंय!" ती तेव्हा हसली होती. मग न्हाणीघरात जाऊन रडली होती.

कारण बाळ खरंच अंग धरत नव्हतं. रोज सकाळी ती लेकीला काट्यावर ठेवायची आणि आकडा फ्रिजवरच्या कागदावर लिहायची. सहा किलो शंभर. सहा. पाच नऊशे. आज पाच सातशे. पोर प्यायची तर अशी की जणू उद्या मिळणारच नाही, तरी आकडा खालीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "सोमवारपर्यंत वाढलं नाही, तर दाखल करून घेऊ." आज शनिवार. आपलंच दूध पाण्यासारखं असणार, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. चांगली शिकलेली बाई, पण स्वतःवर आरोप ठेवायचा म्हटलं की तिला पुरावा लागायचा नाही.

"इथे धरा, वहिनी. जरा खाली," गाडीखालून मिस्त्री म्हणाला.

तिने दिवा धरला. उजवीकडचे बुश निघाले ते जसे निघायला हवेत तसे निघाले. बुश म्हणजे चाकाच्या दांड्याच्या टोकाला लोखंडी नळीत चेपून बसवलेलं जाड रबरी कडं. खड्ड्यांचे दणके ते पोटात घेतं. उजवीकडची कडी वाळून तडकली होती, हातात भुगा होत होती. पिढ्या गेल्या की रबराचं असंच होतं.

डावीकडचा दांडा मिस्त्रीने शिकंज्यात धरला, नवऱ्याने दांडीवर जोर दिला, आणि बुश पच्‌कन बाहेर आला.

पच्‌कन. रबर असं वाजत नाही.

आधी वास आला. ग्रीसचा नाही, तेलाचाही नाही. दुधाची बाटली धुवायची राहून जावी, ती कपाटामागे सापडावी आणि कुणी मूर्खासारखं तिचं झाकण उघडावं, तसा आंबूस, गोडसर, घशात बसणारा वास. बुश मऊ होता, फुगलेला, पाण्यात राहिलेल्या बोटांसारखा सुरकुतलेला. त्यावर पांढुरकी साय होती. मिस्त्रीने तो उचलला तेव्हा नळीपासून बुशापर्यंत एक लाळेची तार ताणली गेली, लोंबली, आणि तिच्या पायावर तुटून पडली.

कोमट होती.

"शी!" तिने पाय झटकला. "काय आहे हे?"

"ग्रीस सुटतं असं कधी कधी," मिस्त्री म्हणाला, पण त्यानेही हात चटकन पॅन्टला पुसला.

तिने दिवा जवळ नेला. नेऊ नये असं वाटत असतानाच नेला. रबरावर दोन्ही बाजूंनी अर्धगोल खळगे उमटले होते, एकावर एक, शेकडो. असेच खळगे तिने आज सकाळीच पाहिले होते, लेकीच्या चघळायच्या रबरी कड्यावर.

"उंदीर," नवरा म्हणाला.

"उंदराला दात असतात," ती म्हणाली. "हे हिरड्यांचं आहे."

लोखंडाच्या नळीत चेपून बसवलेलं, काढायला दोन बाप्ये लागलेलं रबर चघळणार कोण, हा प्रश्न तिघांनीही गिळला. डाव्या बाजूचे चारही बुश तसेच निघाले. ओले, कोमट. तिने मोरीत जाऊन पाय साबणाने तीनदा घासला. वास पायाचा गेला, नाकातला गेला नाही.

पाच वाजेपर्यंत नवं सामान चढलं. निळे कडक बुश, काळ्या स्प्रिंगा, चकचकीत शॉकअप. मग गाडी घोड्यांवरून उतरवली. मिस्त्रीचा एक नियम होता. बुशाचे बोल्ट गाडी हवेत असताना कधीच पक्के आवळायचे नाहीत. गाडीला आपल्या वजनाने जमिनीवर बसू द्यायचं, मग आवळायचे. नाहीतर बुश आयुष्यभर पिळवटलेला राहतो. म्हणून त्याने चारही चाकांखाली चार चपटे काटे सरकवले आणि त्यांच्या तारा एका पेटीला जोडल्या. कुठल्या चाकावर किती भार, ते पेटीवर ग्रामापर्यंत दिसायचं.

"डावीकडे जास्त," तो म्हणाला. "तीन किलो दोनशे."

"असेल काहीतरी सीटखाली," नवरा म्हणाला.

पाहिलं. काही नव्हतं. डाव्या सीटवर फक्त बाळाचं दुपटं होतं. महिनाभर नवरा रोज सकाळी लेकीला त्यावर निजवून गाडी नुसती चालू करायचा. इंजिनच्या घरघरीत ती गप्प व्हायची. दुपटं तीन किलोचं नसतं. मिस्त्रीने काटे अदलाबदल केले, डावी-उजवी स्प्रिंग बदलून पाहिली. तीन किलो दोनशे.

"नवी स्प्रिंग तर बसायची नाही," मिस्त्री डोकं खाजवत हसला. "मग गाडी नाही बसली, कुणीतरी बसलंय म्हणायचं!"

ती हसली नाही. तीन किलो दोनशे हा आकडा तिला पाठ होता. लेकीच्या पायाला जन्मल्या दिवशी बांधलेल्या पट्टीवर तोच होता.

तेवढ्यात बाळ रडलं. ती जवळजवळ पळतच आत गेली, लेकीला घेऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि पाजायला घेतलं. दार अर्धवट उघडं होतं. पोर भुकेने तुटून पडली. चुटुक, चुटुक.

गॅरेजमधून मिस्त्रीचा आवाज आला. "साहेब, चढतंय की हो."

"काय?"

"डावीकडे. तीन दोनशे वीस… चाळीस…"

"तार हलली असेल."

"मी हात लावला नाही. साठ…"

चुटुक, चुटुक. काहीतरीच, ती स्वतःला म्हणाली. अपुऱ्या झोपेने डोकं फिरतं, असं कुठल्याशा लेखात होतं. तरी तिने बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात करंगळी सारून तिला सोडवलं.

"थांबलं," मिस्त्री म्हणाला.

बाळाने टाहो फोडला. तिने पुन्हा घेतलं.

"परत चढतंय."

सोडवलं.

"थांबलं… काय चावटपणा आहे हा?"

तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा नवरा दारात येऊन उभा होता. कोपरापर्यंत काळे हात, अंगापासून लांब धरलेले. तो बायकोकडे बघत होता, आणि मागे मिस्त्री खालच्या आवाजात आकडे वाचत होता. "ऐंशी… तीनशे…"

तिने बाळाला सोडवलं. मागचा आवाज बंद झाला.

"पाजतेयस तू…" नवरा म्हणाला.

"मी पाजतेय हिला," ती म्हणाली. "आणि पितंय…"

बेसिनवर वाकून ती ओकली. बाळाला एका हाताने छातीशी धरलेलं होतं, ते काही तिने सोडलं नाही. महिनाभर. आपलं दूध, आपल्या लेकीच्या तोंडातून, त्या काळ्या, बुळबुळीत, रबराच्या…

"गाडी आत्ता घराबाहेर काढायची," तोंड पुसत ती म्हणाली. "आत्ता."

नवरा कशावरूनही वाद घालणारा माणूस, पण त्या दिवशी घातला नाही. मिस्त्री गाडी आपल्या शेडवर ओढून न्यायला तयार झाला. "तारेचा घोटाळा असणार, वहिनी," तो दोर बांधताना म्हणाला. "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. बोल्ट तिकडेच आवळतो." जुने बुश तिने चिमट्याने उचलून त्याच्याच डब्यात टाकले. फरशी फिनेलने धुतली. दोनदा.

गाडी फाटकाबाहेर निघताना तिला आठवलं. "अहो, थांबा! दुपटं!"

ते तिच्या आईने हाताने शिवलेलं होतं, टाका न् टाका. ते त्या गाडीबरोबर जाऊ द्यायला तिचा जीव होईना. खिडकीतून हात घालून तिने ते उचललं. हाताला जड लागलं. दमट असेल, ती म्हणाली. नाकाशी धरून हुंगलं, तर आंबूस वास अजिबात नव्हता. त्या दिवसात पहिल्यांदाच काहीतरी स्वच्छ होतं. बाळाच्या टाळूचा वास, नुसता. ते कुशीत धरून ती घरात आली.

सातच्या सुमाराला ती पलंगावर बसून बाळाला पाजत होती, उजवीकडे. लेक गडगडून पडू नये म्हणून दुपट्याची जाड घडी तिने डाव्या बाजूला ठेवली होती. खिडक्या उघड्या होत्या, घर फिनेलने दरवळत होतं. सोमवारला अजून पूर्ण एक दिवस होता. एका दिवसात शंभर ग्राम कुठे जात नाहीत, असं ती लेकीला समजावत होती, म्हणजे स्वतःला.

नवरा फोन कानाला लावून आत आला. चेहरा उजळलेला.

"मिस्त्री आहे," तो म्हणाला. "पुन्हा काटे लावले त्याने. दोन्ही बाजू सारख्या! डावीकडे आता काहीसुद्धा नाही. वेडी कुठली, तूही आणि मीही." आणि मिस्त्रीशी हसत बोलत तो बाहेर गेला.

डावीकडे काहीसुद्धा नाही.

तिने बाळाकडे पाहिलं. पोर डोळे मिटून पीत होती. चुटुक, चुटुक. मग तिच्या मांडीजवळ, डाव्या बाजूला, गादी हळूच बसली.

तिने मान वळवली नाही. त्याच वेळी डावीकडेही पान्हा फुटला. तो फुटतोच, एका बाजूला पाजताना दुसरी बाजू भिजते, त्यापायी चार महिन्यांत तिचे किती कुडते बाद झाले होते. सवयीने तिने फडकं घेतलं आणि कुडत्यावर डावीकडे दाबून धरलं. आत ओढ लागत होती, नेहमीची, लयीत.

ती थांबली. बराच वेळ थांबली.

फडकं कोरडंच राहिलं.