रिकामं परत करू नये

घळीतून दोरावर उतरत जाण्याला पुण्याची मंडळी कॅनियनिंग म्हणतात. घळीजवळच्या पासली गावात त्याला सरळ मरायला जाणं म्हणतात. फाल्गुनात ओढा आटला, तापल्या काळ्या खडकाची उभी भेग उघडी पडली, की कापूरहोळचा धनाजी पर्यटकांना घेऊन इथं यायचा. गेलं वर्षभर त्यानं घळीचं नाव काढलं नव्हतं. यंदा रविवारी पहिली तुकडी उतरवायची म्हणून तो शुक्रवारीच पाहणीला निघाला. जीपमध्ये शेजारी अम्रीन बसली होती.

अम्रीन भोरमधली शिलाईवाली. धनाजीच्या दोरांच्या पिशव्या तीच शिवायची आणि दोरांच्या टोकांना हिरवा दोराही तीच गुंडाळायची. तिचा नवरा वसीम धनाजीचा जोडीदार होता. गेल्या वर्षी शेवटच्या कड्यावर दोर तुटला आणि तो खालच्या डोहात पडला. मैयत मिळाली, दोर मिळाला नाही. वर राहिलेला तुकडाही गडबडीत निसटला म्हणे. "कपारीला घासून तुटला," असं धनाजीनं सांगितलं. ते सगळ्यांना पटलं, अम्रीनला पटलं नाही. घासून तुटलं तर झिपऱ्या निघतात, कापलं तर टोक साफ राहतं. तिला ते टोक एकदा बघायचं होतं. पिशव्यांचं माप घ्यायचं निमित्त सांगून ती आली होती.

दुपारी सगुणाबाईंच्या पडवीत भाकरी खाताना धनाजीनं वाटाड्या ज्ञानूला खुणा समजावल्या. "दोराला एक हिसका, थांब. दोन, सोड. तीन, वर ओढ."

अम्रीनचा घास तोंडातच राहिला. वसीम घरी मशिनवरच्या रिळाचा दोरा धरून तीन हिसके द्यायचा. चहा पाहिजे, हा त्याचा अर्थ. सावकाश, खोडकर हिसके.

"त्या डोहातल्या साती आसरांकडनं, पाण्यातल्या देवींकडनं, पूर्वी भांडी मिळायची," सगुणाबाई म्हणाल्या. "लग्न निघालं की सांजच्याला सांगून यायचं. सकाळी काठावर भांडी. काम झालं की परत करायची, पर रिकामी न्हाई हां. शेजारणीचं भांडं आपण रिकामं देतो व्हय?"

"मग आजी, आमाला एक दोर मागून द्या की," धनाजी हसला. "रविवारी कमीच पडतोय."

"हसू नगंस, लेका. त्या बाया मागणाऱ्याची जात बघत न्हाईत, पर नियत बघत्यात."

संध्याकाळी अम्रीन एकटीच पाणवाटेनं डोहावर गेली. घळीत वारा नव्हता. कुजक्या पाल्याचा आणि गार दगडाचा वास होता. डोहाचं पाणी इतकं स्थिर, की त्यात आभाळाची चिंचोळी पट्टी चिकटवल्यासारखी दिसत होती. बोलायची तिला लाज वाटली, तरी ती हळूच बोलली.

"माझ्या माणसाचा दोर द्या. बघते... आणि परत करते."

सकाळी ती पुन्हा गेली, तर काठावरच्या खडकावर दोर होता. नीट वेटोळं घातलेला, कोरडा, गाळाचा वास येणारा. एका टोकाला तिनंच गुंडाळलेला हिरवा दोरा होता. दुसरं टोक तिनं उजेडात धरलं.

एका घावात, तिरकं, साफ कापलेलं होतं.

ती रडली नाही. वर्षभर रडून झालं होतं. आता तिला नुसता संताप आला. कमरेच्या बटव्यातून सुईदोरा काढून, इतर दोरांसारखंच दिसावं म्हणून, तिनं त्या कापल्या टोकालाही हिरवा दोरा गुंडाळला आणि तो दोर धनाजीच्या पिशवीत भरला. मग त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"धनाजीभाऊ, शेवटचं विचारते. दोर कसा तुटला?"

"किती वेळा सांगू, भाभी? घासून तुटला."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

डोक्यावर ऊन आलं तेव्हा धनाजी त्या पिशवीतल्या दोरावर कड्यावरून उतरू लागला. वर ज्ञानू, खाली डोहाकाठी अम्रीन. निम्म्यावर आला असेल नसेल, त्याच्याखाली लोंबणारं, पाण्यात सैल पडलेलं टोक आपोआप ताणलं गेलं. पाण्यावर तरंग उठला नाही.

एक हिसका. दोन. तीन.

"भाभी... खाली कोण हाय?"

"तुमालाच ठाऊक."

पुन्हा तीन हिसके. सावकाश. धनाजी पायांनी खडक खरवडायला लागला. त्याची पाचावर धारण बसली होती.

"वसीम! मोहोळ उठलं व्हतं रं... दोर माझ्या कमरेला... न कापता कसा पळणार व्हतो म्या?" मग तो अम्रीनकडे बघून ओरडला, "भाभी, सोडवा!"

अम्रीन डोहाकडे वळली. "तुमचा दोर परत करते," ती म्हणाली. "रिकामा न्हाई."

आवाज आला नाही. किंकाळी नाही, पाणी उडाल्याचाही नाही. कडा तेवढा मोकळा दिसला. ज्ञानू आजही शपथेवर सांगतो, वरची गाठ सुटली नाही, तुटली नाही. दोर नुसता नव्हताच. लोकांनी पंप लावून डोह उपसला. तळाला गुडघाभर गाळ निघाला. माणूस निघाला नाही, दोरही नाही.

आठवड्यानं अम्रीन भोरला दुपारी मशिनवर बसली होती. गल्लीत सामसूम होती. पाय थांबला होता, चाक थांबलं होतं, आणि वरचं हिरवं रीळ हललं.

एक. दोन. तीन.

"वसीम?" तिच्या तोंडून निघालंच. पण पुन्हा हिसके आले आणि ती गप्प झाली. वसीमचे असे नसायचे. हे घाईचे होते, एकावर एक, श्वास कोंडलेल्या माणसाचे. वर ओढ. वर ओढ. वर ओढ.

कात्री हाताशीच होती. एक दोरा कापला की सगळं थांबलं असतं. अम्रीननं कात्री उचलली, लांब फळीवर नेऊन ठेवली, आणि ती स्वतःसाठी चहा ठेवायला आत गेली. मागं रीळ थडथडत राहिलं.