सोदामच्या वडिलांची हिरवळ

"तुमच्या गवताला मुलीचा हात चालतो का?"

प्रश्न इतका सरळ आला, की ग्यूसॉकच्या हातातली, मातीसकट कापलेली गवताची लादी हातातच राहिली. एप्रिलच्या आरंभीच्या हान्सिकला दोन दिवस उरले होते. थडग्यांची डागडुजी करण्याचा तो दिवस जवळ आला, की जांगसॉंगच्या गवतशेतांवर माणसांची रीघ लागे — थोरले मुलगे, पुतणे, जावई. सगळे ट्रक घेऊन, सगळे घाईत. ही मुलगी मात्र एकटीच बसने आली होती. बुटांना चिखल होता, आणि हातातली छत्री भुरभुर असूनही मिटलेली होती.

"म्हणजे?" त्याने विचारले.

"गेल्या वर्षी बाबांच्या थडग्यावर मी माझ्या हातांनी लाद्या बसवल्या. उन्हाळ्यात सगळ्या वाळल्या. काका म्हणतात, मुलीच्या हातचं गवत बाप धरत नाही. तो आत अस्वस्थ असतो म्हणे."

"थडग्याजवळ पाइन आहे?"

"पश्चिमेला. मोठा आहे."

"मग सावलीनं वाळलं. गवताला मुलगा-मुलगी कळत नाही... ऊन कळतं."

ती हसली. गिऱ्हाइकांशी बोलण्याचे काम एरवी त्याची आई करी. एका दमात इतकी वाक्ये आपण बोललो, याचे ग्यूसॉकलाच नवल वाटले.

तिचे नाव ब्यॉन सोदाम. ग्वांगजूच्या एका प्रयोगशाळेत ती कृत्रिम दात घडवी. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या उतारावर दोघे गुडघ्यांवर बसून काम करू लागले. त्याने पाइनच्या खालच्या फांद्या छाटल्या, थडग्याचा मातीचा गोल उंचवटा मोकळा केला आणि लाद्या खालून वर रचत नेल्या. सोदाम प्रत्येक लादी तळव्याने दाबी, फटींत चाळलेली माती भरी.

"हिरडी अशीच असते," ती म्हणाली. "फट राहिली, की संपलं. तुम्ही दातांच्या कामाला आला असतात तर नाव काढलं असतंत."

"माणसं तोंड उघडतात... मला भीती वाटते."

"माझी नाही वाटत?"

तो मातीकडे पाहत राहिला. तिने त्याच्या कानांची लाली पाहिली असावी. कारण ती पुन्हा हसली, आणि या वेळी जरा जास्त वेळ हसली.

शेवटची लादी बसल्यावर तिने हात झटकले. "जूनमध्ये मी हाम्बुर्गला जातेय. तिथल्या एका प्रयोगशाळेत काम मिळालंय. पण बाबांची हिरवळ धरल्याशिवाय पाय निघायचा नाही. कधी धरेल?"

"पाच-सहा आठवडे." त्याने उंचवट्याच्या डाव्या कुशीवरच्या एका लादीचा कोपरा चिमटीत धरून दाखवला. "ही सगळ्यांत सावलीतली. ही ओढून उचलली गेली, तर अजून नाही. ही धरली, की सगळी धरली."

"मग मी दर शनिवारी ओढून पाहीन. आणि गवतवाले, पाणी कोण घालणार?"

"मी," तो म्हणाला. इतक्या पटकन, की तिचा प्रश्न जेमतेम संपला होता.

आणि शनिवार सुरू झाले. दहाच्या बसने ती येई. डब्यात तिळाच्या तेलाचा वास सुटलेले किंबाप, समुद्रशैवालात गुंडाळलेल्या भाताच्या गुंडाळ्या, असत. दोघे उंचवट्याच्या पायथ्याशी बसून खात. ती बडबडे, तो ऐके. ग्यूसॉकच्या आईने तिसऱ्या आठवड्यातच ओळखले. "त्या एका थडग्याला एवढं पाणी? भात लावतोयस का तिथं?" ती म्हणाली, आणि पुढच्या शनिवारी मुळ्याच्या किमचीचा डबा त्याच्या हातात कोंबला. "पाणी घालून झालं, की तोंडही उघडावं माणसानं."

तोंड उघडण्याची तयारी तो करतच होता. ट्रकमध्ये, नळाशी, दोरी लावून सरळ कापलेल्या शेताच्या कडेला उभा राहून — एक वाक्य तो रोज घडवी आणि रोज मोडी. त्याला वाटे, अजून वेळ आहे. अजून मुळे पांढरी आहेत, कोवळी आहेत...

मेच्या मध्यावर एका सकाळी, बस येण्याआधी, त्याने डाव्या कुशीवरची लादी ओढून पाहिली. ती हलली नाही. त्याने जोर केला; मातीने घट्ट धरून ठेवले होते. आयुष्यभर ज्या क्षणाने त्याला आनंद दिला, तोच क्षण त्या सकाळी त्याच्या छातीत दगडासारखा बसला. खालच्या वळणावर बसचा भोंगा वाजला. त्याने कमरेचा सुरा काढला, लादीखाली आडवा सरकवला आणि मुळे कापली.

फक्त हा एक शनिवार, त्याने स्वतःला बजावले. आज बोलून टाकीन.

सोदामने कोपरा ओढला. लादी अलगद वर आली.

तिने ती परत जागेवर ठेवली. मग उंचवट्याकडे पाहून हळूच म्हणाली, "बाबा, अजून रुसलात?"

ती थट्टा असावी, असे ग्यूसॉकने ठरवले. तसे ठरवणे सोयीचे होते.

पुढच्या शनिवारी पुन्हा सुरा. त्याच्या पुढच्याही शनिवारी. तिने हाम्बुर्गला लिहून महिनाभराची मुदत मागून घेतली. "हसले असतील माझ्यावर — म्हणे गवत रुजलं नाही!" ती म्हणाली. त्या दिवशी परतताना उतारावर तिचा पाय घसरला, त्याने मनगट धरले, आणि सपाट वाट आल्यावरही सोडले नाही. तिनेही सोडवून घेतले नाही. "गवतवाले म्हणायचा कंटाळा आला," ती म्हणाली. "आजपासून ग्यूसॉक म्हणते. चालेल?" त्याने मान हलवली. ते वाक्य जिभेच्या टोकाशी आले, आणि तेवढ्यात बस आली.

जूनच्या शेवटच्या शनिवारी तिने डबा उघडला नाही. सरळ उंचवट्याशी गेली आणि उजव्या कुशीवरची एक लादी ओढली. मग तिच्या वरची. मग माथ्यावरची. एकही हलली नाही. शेवटी ती डाव्या कुशीशी आली. ती एकच लादी आता पिवळी पडू लागली होती. सोदामने ती उचलली, उलटी करून तळहातावर धरली.

"ही तुटलेली मुळं नाहीत, ग्यूसॉक. कापलेली आहेत. दिवसभर पात्यानं काम करते मी. एवढं ओळखू येतं."

"कधी... कळलं?"

"तीन शनिवार झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." ती त्याच्याकडे पाहत नव्हती. "दर शनिवारी बसमध्ये ठरवायचे — आज तो सांगेल. रागावेन थोडी, मग हसेन. तिकीट परत करेन. पण तू आपला दर वेळी म्हणत राहिलास, 'अजून थोडे दिवस...'"

"राहा," तो म्हणाला. "सोदाम, राहा ना."

"बघ, केवढासा शब्द आहे!" ती म्हणाली. "मेमध्ये म्हणाला असतास, तर पुरला असता. आता नाही पुरत. तीन शनिवार वाट पाहिली, त्याचं काही नाही. पण त्याआधीचे तीन? तेव्हा मला खरंच वाटलं, की काका बरोबर बोलत होते. बाबा माझ्या हातचं गवत घेत नाहीत. रडत घरी जायचे मी. आणि काका काय म्हणतात, ते तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

प्रेमापोटी केले, असे म्हणता आले असते. पण सुरा खाली सरकवताना तिचे रडणे त्याने एकदाही मोजले नव्हते, हेही तितकेच खरे होते.

"एकदा खरं सांग," ती म्हणाली. "बाबांच्या समोर. रुजलं?"

नाही म्हणायला आता जागाच उरली नव्हती. पण हो म्हणणे म्हणजे तिला आपल्या तोंडाने निरोप देणे होते. तो उंचवट्याकडे वळून उभा राहिला.

"रुजलंय. मेच्या मध्यालाच रुजलं. मी कापली ती सोडून एकही लादी दगावली नाही." आणि मग, पहिल्यांदाच न अडखळता, "सगळी तुझ्या हातची आहे, सोदाम. दाबलीस तू, म्हणून धरली."

सोदामने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. ते इतके दिवस वर ओढलेले होते, हे त्याला आत्ता कळले. तिने वडिलांना दोनदा वाकून नमस्कार केला, कपाळ गवताला टेकवून. उठली तेव्हा कपाळावर एक ओली काडी चिकटली होती. ती काढण्यासाठी त्याचा हात उचलला गेला, आणि अर्ध्यातच थांबला. तिने स्वतःच ती पुसली.

"आईंना सांगा, किमची छान होती," ती म्हणाली. "ट्रक नको. मी बसनंच जाईन."

वळणापलीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. मग ट्रकमधून त्याने एक ताजी लादी आणली, डाव्या कुशीवरच्या रिकाम्या चौकोनात बसवली, तळव्याने दाबली, फटींत माती भरली आणि पाणी घातले. ऊन होते, पाऊसही येणार होता. तीन आठवड्यांत ती धरणार होती. आणि कोपरा चिमटीत धरून पाहायला कुणी येणार नव्हते.