पहिल्याची सुपारी

तो बुधवार होता की गुरुवार, हे मला आता छातीठोक सांगता येत नाही. साल त्रेसष्ट, महिना मार्चचा आणि तिथी वद्य दशमी, एवढं पक्कं, कारण उद्धवनं तिथी दोनदा सांगितली होती. पण ही गोष्ट मी मनाशी इतक्या वेळा घोळवली आहे, की तिच्यात त्याचं किती आणि माझं किती, याची मलाच शंका येते. लाइट येईपर्यंत ऐका. काही खोटं वाटलं तर दोष माझ्या आठवणीचा. उद्धव खोटं बोलणारा नव्हता. एकदाच बोलला, तेही सांगतो.

उद्धव म्हणजे अमरावतीच्या वसतिगृहातला माझा सोबती. पुढे तो जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात मास्तर झाला. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरची माणसं अजून तिथं नांदतात.

त्या दिवशी सकाळी तो सायकलवर जळगावला गेला. नारळ, हळदकुंकू, विड्याची पानं आणि हिरव्या बांगड्या आणायच्या होत्या. रात्री त्याचा आशाशी पाट लागायचा होता. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्याला मांडव नाही, वाजंत्री नाही. अंधाऱ्या पंधरवड्यात, गावाच्या शिवेबाहेर, चार माणसांत उरकायचं.

उद्धवच्या मनात आशा पोरवयापासून होती. पण घरच्यांनी तिला निवृत्तीला दिली. त्या लग्नात उद्धव पंगतीत पाणी वाढत होता. निवृत्तीनं पेला पुढं केला आणि हसून म्हणाला, "मास्तर, पाणी थंडं नाही का? का तुमच्या मनासारखं गरमच हाय?" पंगत हसली. पदराआड आशाही हसली. चार वर्षांनी निवृत्ती विषमज्वरानं गेला. ते हसू मात्र उद्धवच्या काळजातून गेलं नाही.

किराणा दुकानदारानं सुपाऱ्यांचं टोपलं पुढं केलं. उद्धवनं निवडून निवडून सगळ्यांत लहान, किडकी सुपारी उचलली.

"मास्तर, पूजेले चांगली घ्या ना."

"ज्याच्यासाठी हाय, त्याले एवढी बस झाली."

सुपारी पहिल्या नवऱ्याची असते, म्हणून तो असं बोलला. पाटाच्या वेळी ती बाईच्या शेजारी ठेवतात. नवा नवरा येतो, पायानं सुपारी बाजूला सारतो आणि तिच्या जागी बसतो. मग ती सुपारी तिथंच पुरतात. मेलेल्याची वाट तिथं संपते.

रात्री नऊच्या सुमाराला नाल्यापलीकडच्या मळ्यात, पत्र्याच्या छपराच्या झोपडीपुढं सगळे जमले. आशाचे काका उकंडराव, तिची विधवा आत्या केसरबाई, आणखी दोन म्हातारे. आशा पाटावर मान खाली घालून बसली होती. डाव्या बाजूला ती सुपारी.

केसरबाई म्हणाली, "जवाईबापू, सारायची बरं. लाथ नाही मारायची. तोबी या घरचा जवाईच होता."

"आत्याबाई, सुपारीले काय समजते?"

"तुमाले समजते ना. बस."

उद्धव पुढं झाला. त्यानं मला शपथेवर सांगितलं की मनात सारायचंच होतं. पण कंदिलाच्या उजेडात त्याला दिसलं, की आशा त्या सुपारीकडे पाहते आहे. टक लावून. त्याचा पाय उठला. सुपारी उडाली आणि अंधारात कुठं पडली ते कोणालाच कळलं नाही.

केसरबाईनं तोंडावर पदर धरला. उकंडराव म्हणाले, "हे काय केलं बे, मास्तर?"

सगळे शोधायला वाकले आणि तेवढ्यात डोंगराकडून वारा सुटला. पत्र्यावर टण्ण झालं. मग दुसऱ्यांदा. पहिल्या गारा बोराएवढ्या होत्या, नंतरच्या लिंबाएवढ्या. बैल दावं तोडायला लागले. उकंडरावांनी म्हाताऱ्यांना आणि केसरबाईला गाडीत कोंबलं.

"नाला यायच्या आंदर निघाले पाह्यजे. तुमी दोघं राहा. सुपारी हुडक अन् पूर. पुरल्याबिगर तिले शिवेच्या आत आनू नको. आनली, तर ती एकटी येनार नाही. समजलं?"

गाडी गेली. अर्ध्या तासानं नाला गरजायला लागला. आता ना कोणी येणार, ना कोणी जाणार.

गारा थांबल्या तेव्हा सगळा मळा पांढरा झाला होता, वीतभर थर. गव्हाचं नाव नाही. असं आपल्याकडे कोणी पाहिलेलं नाही. उद्धव कंदील घेऊन बाहेर पडला. पांढऱ्या थरात हात घालायचा, मूठभर गारा काढायच्या, उजेडात धरायच्या. प्रत्येक गार सुपारीएवढी. बोटं बधिर झाली, रॉकेल संपत आलं. अकराच्या पुढं कधीतरी तो आत आला.

आशा गवतावर आडवी झाली होती, तोंड दाराकडे.

"सापडली?"

"सकाळी पाहू."

तिनं पाय पोटाशी घेतले. मग म्हणाली, "लाथ काऊन मारली?"

"तू काऊन पाहत होती त्याच्याकडे?"

"चार वर्सं भाकर खाल्ली त्याच्या घरची. पाहू बी नाही?"

तो तिच्या मागं भिंतीकडे लवंडला. तिच्या आणि त्याच्यामध्ये हातभर जागा होती. ती त्यानं ओलांडली नाही. पडल्यापडल्या तो हिशेब करत राहिला... निवृत्ती तिला काय म्हणून हाक मारत असेल? ती त्याच्याकडे कशी पाहत असेल? लग्न लागल्यात जमा होतं, बायको हाताच्या अंतरावर होती, आणि हा माणूस एका मेलेल्या माणसावर जळत होता.

त्याच्या मनगटाला घड्याळ होतं. दोन वाजून दहा मिनिटं. चंद्र नुकताच वर आला होता आणि कुडाच्या फटींतून पांढरा उजेड येत होता.

बाहेर करकर आवाज झाला.

गारांवर पाय पडल्याचा. एक. थांबला. मग दुसरा.

जनावर असेल.

पण जनावराला चार पाय असतात...

पावलं झोपडीला वळसा घालत होती. हळू. थांबत. मध्येच गारा उपसल्यासारखी खरखर. मग पुन्हा करकर.

आशानं मान उचलली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. दाराकडे पाहत होती.

"अवो..."

इतका मऊ आवाज त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"अवो, आंदर या ना. गारठून जासान."

उद्धवला म्हणायचं होतं, मी इथंच आहे. जीभ हलेना. हात उचलून तिला धरायचं होतं. हात उचलवेना.

पावलं दारापाशी थांबली.

"जाऊ द्या ते," ती म्हणाली. "या..."

श्वास ऐकू येत होता. कोणाचा, ते समजत नव्हतं. थोड्या वेळानं पावलं दूर गेली... आणि पुन्हा वळली.

असं उजाडेपर्यंत. ती हाका मारत होती, तो ऐकत होता.

सकाळी त्याला हलता आलं तेव्हा आशाचा डोळा लागला होता. तो दारात आला. गारांत अनवाणी पावलांची वाट झोपडीभोवती फिरली होती. एकदा नाही, दहावीस वेळा. सगळीकडे हातानं उकरल्याचे खड्डे. त्याचं डोकं फिरलं. ठसे निरखायलाही तो थांबला नाही. तिनं ज्याला बोलावलं त्याची खूण नको, म्हणून पायांनी सगळी वाट पुसत सुटला. झोपडीच्या मागची तेवढी राहून गेली, कारण नाला उतरला होता आणि उकंडराव गाडी घेऊन आले.

"सापडली का रे सुपारी?"

आता नाही म्हटलं तर आशा शिवेच्या बाहेर राहणार. आणि बाहेर कोण आहे, ते त्याला माहीत होतं.

"हाव. पुरली."

"कुठी?"

त्यानं बोट दाखवलं. उकंडरावांनी त्या जागेवर दगड ठेवून नमस्कार केला. आशा दारात उभी राहून पाहत होती. मग गाडीत बसली आणि त्याच्या घरी आली.

एकतीस वर्षं संसार झाला. दोन मुलं, पक्कं घर. त्या रात्रीचं हे सगळं त्यानं मला एकाहत्तर साली, पेपर तपासायला आलो होतो तेव्हा, बुलढाण्याच्या स्टँडवर सांगितलं. शेवटी म्हणाला, "तशा आवाजात तिनं मले एकदाबी हाक नाही मारली. त्याले मारली." मी म्हटलं, विचार तिला. तो म्हणाला, "अन् हो म्हटलं तर?"

त्यानं कधीच विचारलं नाही. चौऱ्याण्णव साली तो गेला.

त्यानंतर सहा वर्षांनी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा मीच विचारलं. मला तो हक्क होता की नाही, माहीत नाही. वहिनी ओसरीवर तूर पाखडत होत्या. सूप थांबलं.

"त्यायलेच मारल्या ना हाका, भाऊजी. दुसऱ्या कोनाले?"

"पण उद्धव तर आत तुमच्याजवळ निजला होता."

"आत कुठी? एकडाव आले, सापडली नाही म्हने, अन् माहा डोळा लागल्यावर पुन्हा गेले. सूर्य निघेपरेंत सुपारी हुडकत होते. माहा गळा सुकला बलावून बलावून." त्यांनी सुपातला खडा वेचून टाकला. "झोपडीच्या मागं पावलं राह्यली होती, मी पाह्यली. उजव्या पायाले चारच बोटं. त्यायचाच पाय."

ते खरं होतं. लहानपणी विळा लागून उद्धवची उजव्या पायाची करंगळी गेली होती. वसतिगृहाच्या हौदावर चार वर्षं आम्ही शेजारी उभं राहून पाय धुतले, तेव्हा हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. याबद्दल मला शंका नाही.

मी म्हटलं, "वहिनी, मग तुमच्या मागं भिंतीकडे कोणीच निजलेलं नव्हतं?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"होतं ना," त्या म्हणाल्या. "म्हनूनच त्या अंगाले मी पाह्यलं नाही."