डॉक्टरांच्या मोटारीचे दिवे

ज्यांचा विश्वास नाही, त्यांनी ठेवू नये. देवजीचाही नव्हता.

पण यातलं एक अक्षर खोटं नाही. पावणे गावात त्याला ओळखणारी जुनी माणसं अजून आहेत, त्यांना विचारा.

१९६४ सालची सर्वपित्री अमावास्या. आज जिथे नवी मुंबई आहे तिथे तेव्हा खाडी, मिठागरं आणि भाताची शेतं होती. ठाणे ते बेलापूर एकच रस्ता. त्यावर दिव्याचा एक खांब नाही.

देवजी पावण्याचा. ठाण्याच्या एका गॅरेजात मोटारींचं वायरिंग करायचा. त्या दिवशी तो बेलापूरला मालतीबाईंच्या बंगल्यावर गेला होता. मालतीबाईंचे यजमान डॉक्टर. आजारपणात ते गेले, तेव्हापासून त्यांची जुनी विलायती मोटार शेडमध्ये पडून होती. बाईंना ती विकायची होती. इंजिन ठीक होतं, पण पुढचे दिवे लागत नव्हते. डॅशबोर्डवरचा दिवाही नाही.

देवजीने फ्यूज बदलला. अर्थिंगची वायर घासून लखलखीत केली. स्विच उघडून पाहिला. टेस्ट लॅम्प लावला, तर करंट दिव्यापर्यंत व्यवस्थित येत होता.

तरीही दिवे बंद.

"काय बिघडलंय रे?" म्हणत मालतीबाई आल्या आणि सहज ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर टेकल्या.

आणि... दिवे लागले.

पुढचे दोन्ही. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवासुद्धा.

त्या उतरल्या. दिवे गेले.

देवजीला हसू आलं. सीटखाली वायर दबत असणार, दुसरं काय! त्याने अवजारांची जड पेटी सीटवर ठेवली. काही नाही. तांदळाचं पोतं आणून ठेवलं. काही नाही.

मग त्याने सीटच उचलून बाहेर काढली.

खाली एकही वायर नव्हती.

नुसत्या स्प्रिंगा, काथ्या आणि धूळ.

तेवढ्यात त्याचा शेजारी गोटीराम सायकल दामटत आला. धापा टाकत म्हणाला, "देवजी, चल बेगीन! गोजराच्या पोटात कलां येतान. सुईन माहेराला गेलीय, गावात कोनी नाय!"

गोजरा म्हणजे देवजीची बायको. तिचे दिवस अजून भरले नव्हते. आधीचं एक मूल हाती लागलं नव्हतं.

मालतीबाईंनी किल्ली पुढे केली. "गाडी ने. ठाण्याच्या दवाखान्यात घाल तिला. काळोख पडायच्या आत पोच म्हणजे झालं."

सीट जागेवर बसवून देवजी निघाला. पावण्याला गोजराला मागच्या सीटवर निजवलं. त्याची आई पुतळाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

पण गावातून निघेपर्यंत सूर्य बुडाला.

घणसोली मागे पडली आणि अंधार झाला. रस्ता दिसेना. देवजी मान बाहेर काढून अंदाजाने चालवत होता. मागून गोजराचं कण्हणं. बाजूला उधाणाचं पाणी बांधावर आपटत होतं.

'आयेला पुढं बसवू का?' त्याच्या मनात आलं. पण गोजराला सोडून ती कशी येणार?

इतक्यात शेजारून आवाज आला.

कर्र...

सीटच्या स्प्रिंगा दबल्या होत्या.

आणि दिवे लागले.

देवजीने शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती.

पण मधोमध खोल दबलेली. कुणी बसल्यावर दबते तशी.

त्याने नजर समोर लावली ती पुन्हा वळवली नाही. थांबून चालणार नव्हतं. मागे बायको होती.

ओल्या केसांचा वास येत होता...

पुढच्या मोरीच्या अलीकडे पुन्हा कर्र झालं. सीट वर आली. दिवे गेले.

देवजीने करकचून ब्रेक दाबला.

मागे दार उघडल्याचा आवाज झाला. मग लागल्याचा. आई उतरली असेल, असं त्याला वाटलं. तो खाली उतरला, पुढे गेला, काडी ओढली.

मोरी नव्हती. उधाणाने अर्धा रस्ता तोडून नेला होता. खाली काळं पाणी घुसळत होतं.

चार पावलं आणखी, आणि चौघंही त्यात असती. पोटातलं धरून.

तो मागे वळला.

गाडीत डॅशबोर्डचा दिवा जळत होता. एकटाच. त्या पिवळ्या उजेडात काचेतून त्याला मागची सीट दिसली. गोजरा आडवी. तिच्याजवळ आई.

आणि गोजराच्या पायाशी आणखी एक डोकं. वाकलेलं.

देवजीचं पाऊल उचलेना.

मग... मूल रडलं.

डॅशबोर्डचा दिवा विझला. देवजी धावत आला, दार उघडलं, काडी ओढली. गोजरा दमून पडली होती, पण शुद्धीत होती. पुतळाबाईच्या पदरात मुलगी होती.

"अरे, ती बाय कुठं गेली?" पुतळाबाई म्हणाली. "देवासारखी आली रे. सगलं तिनंच केलं. पन हात कसं थंडगार तिचं!"

"कंची बाय?"

"तुझ्या बाजूला बसली व्हती ती!"

गाडी मागे घेत घेत देवजीने घणसोली गाठली. रात्र तिथेच एका ओळखीच्या घरी काढली.

बाळ-बाळंतीण घरी पोचल्यावर तो गाडी परत द्यायला गेला. मालतीबाईंना विचारलं, "डाक्टरांच्या शेजारी कोन बसायचं, बाई?"

"काशी बसायची. सारसोळ्याची सुईण. बाळंतपणाला जाताना हे तिला बरोबर न्यायचे. ती मधेच यायची बंद झाली. का, ते कळलंच नाही."

देवजी काय ते समजला. काशी मेली असणार, आणि मेल्यावरही आपल्या बायकोसाठी धावून आली. सुईणीचा मान द्यायचा राहू नये, म्हणून लुगडं आणि नारळ घेऊन तो सारसोळ्याला गेला. तिच्या माणसांच्या हाती द्यावं, हात जोडावेत, एवढंच मनात होतं.

घर सापडलं. दारात एक म्हातारी सुके बोंबील निवडत बसली होती.

"काशीचं घर हेच का?"

"मीच काशी. बोल."

देवजी मटकन खाली बसला. मग त्याने सगळं सांगितलं.

काशीचे हात थांबले.

"मी ती गाडी डाक्टर असतानाच सोरली," ती हळूच म्हणाली. "बसाया जावं, तर आधीच कोनतरी बसलेलं असायचं. दिसायचं नाय. पन मांडीखाली मांडी लागायची... थंड."

"मंग गोजराजवल कोन व्हती?"

काशीने उलट त्यालाच विचारलं,

"पोर मांडीवर घेतली का तिनं?"

"आये म्हनते, घेतली."

काशी उठली. लुगड्याला हातही न लावता आत गेली आणि भर दुपारी दाराला कडी घातली.

मुलगी जगली. शांती नाव ठेवलं. ती मोठी झाली, लग्न होऊन दिवाळे गावात नांदायला गेली. तिला कधी काही झालं नाही.

पण देवजीच्या मनातली पाल चुकचुकायची काही थांबली नाही. मांडीवर घेतलेलं पोर ती आपलं मानते का, हे काशी जिवंत होती तोवर तिला विचारावं म्हणून तो कितीदा तरी सारसोळ्याच्या वाटेला लागला...

आणि दर वेळी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरला.